शालेय फुटबॉल : पहिल्याच सामन्यानंतर परतणारे संघ

पावसाळ्यातील एखाद्या सकाळी पहिली एस. टी. पकडून सोळा मुले आणि एक शिक्षक तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी येतात. मुलांच्या हातांत घरून आणलेल्या भाकरीच्या शिदोऱ्या असतात, शिक्षकांच्या पिशवीत ओळखपत्रांचा गठ्ठा आणि एक चेंडू असतो. दहा वाजता त्यांचा सामना सुरू होतो व अकरा-सव्वाअकराला संपतो. निकाल शून्य विरुद्ध एक. दुपारच्या गाडीने संघ परत फिरतो आणि त्या शाळेपुरता त्या वर्षीचा फुटबॉल संपतो. जून महिन्यापासून केलेल्या सरावाचे फळ म्हणजे तासाभराचा एक सामना, आणि तोही हरलेला. जिल्हास्तरीय स्पर्धा भरविणाऱ्या अधिकाऱ्यांना, त्यांत पंच म्हणून उभे राहणाऱ्या शिक्षकांना आणि मुलांना निरोप देणाऱ्या पंचायत सदस्यांना हे दृश्य इतके परिचित आहे की त्यात काही उणे आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचाच थोडा अभ्यास करावयाचा आहे. उदाहरणासाठी सोलापूर जिल्हा घेतला आहे. तथापि त्यातील हिशेब अन्य जिल्ह्यांनाही लागू पडावा.

स्पर्धेची शिडी

शालेय क्रीडा स्पर्धांची रचना राज्यात सर्वत्र सारखी आहे. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि जिल्हा क्रीडा परिषद या स्पर्धा भरवितात. चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे तीन वयोगट असून मुले व मुली यांच्या स्पर्धा स्वतंत्र होतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत विजयी संघ वर जातो. ज्या खेळात भाग घेणाऱ्या शाळा थोड्या असतात, त्या खेळात तालुक्याची पायरी गाळून थेट जिल्ह्यापासून प्रारंभ होतो. फुटबॉलच्या वाट्याला हे अनेक ठिकाणी येते.

क्रीडाविषयक कामासाठी राज्याचे आठ विभाग आहेत. सोलापूर हा पुणे विभागात मोडतो. महानगरपालिकेचे क्षेत्र ही निराळी स्पर्धा-एकके मानली जात असल्याने सोलापूर शहराचा विजेता आणि उर्वरित जिल्ह्याचा विजेता असे दोन संघ विभागीय स्पर्धेला जातात. तेथे त्यांची गाठ पुणे शहर, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण आणि अहिल्यानगरच्या संघांशी पडते. पुण्याच्या काही शाळांतील मुले वर्षभर एखाद्या क्लबाच्या मैदानावर खेळत असतात. अकरा तालुक्यांतून आलेल्या मुलांना त्यांच्याशी पहिल्यांदाच सामना खेळावा लागतो तो थेट विभागाच्या पायरीवर. तेथे सात-आठ गोलांनी हार पत्करून संघ परतला, तर त्याचा दोष मुलांच्या अंगी लावणे न्यायाचे नाही.

या शिडीलगतच दुसरी एक शिडी आहे. ती सुब्रतो चषक स्पर्धेची. भारतीय वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० पासून ही आंतरशालेय स्पर्धा दिल्लीत भरते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियो येथे मुखर्जी यांचे आकस्मिक निधन झाले. या स्पर्धेचे वैशिष्ट्य असे की तेथे राज्याचा निवडलेला संघ खेळत नाही, तर शाळेचा संघ शाळा म्हणून खेळतो. राष्ट्रीय शालेय क्रीडा स्पर्धेत राज्याच्या नावाने निवडक खेळाडू उतरतात; सुब्रतो चषकात मात्र एखाद्या गावच्या शाळेचे नाव, सर्व पायऱ्या पार केल्यास, जसेच्या तसे दिल्लीच्या मैदानावर पुकारले जाऊ शकते. मुख्याध्यापकांनी ही गोष्ट पालकसभेत आवर्जून सांगावी अशी आहे. फुटबॉलसाठी शाळेच्या वेळापत्रकातील दोन तास मागणाऱ्या शिक्षकाला यापेक्षा चांगले समर्थन सापडणार नाही.

बाद पद्धतीचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या बहुतेक शालेय स्पर्धा बाद पद्धतीने खेळविल्या जातात. या पद्धतीचा गुण असा की सामने थोडे होतात. जितके संघ, त्यापेक्षा एक कमी इतके सामने झाले की विजेता ठरतो, कारण प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर पडतो आणि शेवटी एकच उरावयाचा असतो. मैदान एक, पंच दोन-तीन, दिवस दोन, अशी साधने असताना ही पद्धत सोयीची वाटणे स्वाभाविक आहे.

समजा, सोलापूर ग्रामीणच्या अकरा तालुक्यांतून प्रत्येकी एक असे अकरा संघ आले. अकराच्या पुढील दोनाचा घात सोळा. तेव्हा सोळातून अकरा वजा करता पाच संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यावी लागते. उरलेल्या सहा संघांचे तीन सामने होतात. त्यांतील तीन विजेते आणि पुढे चाल मिळालेले पाच मिळून आठ संघ होतात. नंतर चार, दोन व एक असे सात सामने. एकूण दहा. कागदावर हे अगदी नीटनेटके दिसते.

पण हाच हिशेब मुलांच्या बाजूने मांडून पाहावा. पहिल्या फेरीत हरणारे तीन संघ एकच सामना खेळून घरी जातात. पुढे चाल मिळालेल्या पाच संघांपैकी जे उपान्त्यपूर्व फेरीत हरतील, त्यांचाही तो पहिला आणि शेवटचाच सामना असतो. चिठ्ठ्या कशा पडतात त्यावर अवलंबून, अकरांपैकी किमान चार व कदाचित सात संघ केवळ एक सामना खेळून परततात. उलट एखादा संघ एकच विजय मिळवून उपान्त्य फेरीत पोहोचतो. म्हणजे वर्षभराच्या खेळाचे भवितव्य कौशल्याइतकेच चिठ्ठीवर ठरते. शिवाय करमाळ्याहून सोलापूरपर्यंत शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तोडून आलेल्या संघाचा जाण्यायेण्याचा खर्च एका सामन्यासाठीही तितकाच होतो.

साखळी पद्धत हे याचे दुसरे टोक. अकरा संघांनी एकमेकांशी खेळावयाचे म्हटले तर पंचावन्न सामने होतात. ते जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-तीन दिवसांत आटोपणे अशक्यच. परंतु या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे आणि ती जिल्ह्याच्या नकाशातच दडलेली आहे. बार्शी, माढा व करमाळा हे तीन तालुके एका बाजूला आहेत. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला आणि माळशिरस या चार तालुक्यांचा दुसरा गट होतो. उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट व मोहोळ यांचा तिसरा. या तीन गटांत साखळी सामने घेतल्यास पहिल्या गटात तीन, दुसऱ्यात सहा आणि तिसऱ्यात सहा, असे पंधरा सामने होतात. तिन्ही गटविजेते आणि उत्तम दुसरा क्रमांक मिळविणारा एक, असे चारच संघ जिल्ह्याच्या ठिकाणी आले की आणखी तीन सामन्यांत विजेता ठरतो. एकूण सामने अठरा. बाद पद्धतीपेक्षा आठ अधिक. मात्र प्रत्येक संघ कमीत कमी दोन, आणि मोठ्या गटातील प्रत्येक संघ तीन सामने हमखास खेळतो.

हे पंधरा सामने सलग दोन दिवसांत उरकण्याचे कारण नाही. शनिवारी शाळा सकाळची असते. जून अखेरपासून तीन-चार शनिवार दुपारी गटातील एखाद्या मध्यवर्ती शाळेच्या मैदानावर ते खेळविता येतील. आषाढी वारीचे दिवस तेवढे टाळावे लागतील, कारण त्या काळात पंढरपूरच्या वाटेवरील शाळांची आवारे दिंड्यांच्या मुक्कामासाठी लागतात, आणि पश्चिमेकडील तालुक्यांत एस. टी. गाड्या मिळणेही कठीण होते. गुणांची मोजणी आंतरराष्ट्रीय रिवाजाप्रमाणे विजयाला तीन व बरोबरीला एक अशी ठेवावी. गटांतील संघांची संख्या सारखी नसल्याने उत्तम दुसरा क्रमांक ठरविताना एकूण गुण न पाहता प्रत्येक सामन्यामागील सरासरी पाहावी. हा मुद्दा आधी लेखी स्वरूपात सर्व शाळांना कळविला नाही, तर शेवटच्या शनिवारी मैदानाच्या कडेला जो वाद पेटतो तो शमविण्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांना बोलवावे लागते.

जपानमध्ये शालेय फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा शंभराहून अधिक वर्षांची असून नववर्षाच्या सुटीत ती पाहण्यास मोठी गर्दी लोटते. ती बाद पद्धतीचीच आहे. तरीही त्या देशाने २०११ पासून अठरा वर्षांखालील शाळा व क्लब या दोहोंच्या संघांसाठी देशव्यापी साखळी स्पर्धा स्वतंत्रपणे सुरू केली आणि तिच्याखाली प्रांतनिहाय साखळ्यांची मांडणी केली. बाद स्पर्धेतील उत्साह त्यांनी सोडला नाही. मुलांना वर्षभर सामने मिळावेत याची निराळी तजवीज केली, इतकेच.

कोल्हापुरात काय आहे?

महाराष्ट्रात फुटबॉल म्हटले की कोल्हापूरचे नाव निघते. तेथील छत्रपती शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की पेठापेठांत दुसरा विषय नसतो. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथील शाळकरी मुलाला पाढ्यांसारखी पाठ असतात. विश्वचषकाच्या काळात ब्राझील व अर्जेंटिनाचे झेंडे आणि खेळाडूंचे भव्य फलक तेथील चौकांत लागतात, ही वार्ता तर दर चार वर्षांनी वृत्तपत्रांत येतेच.

या उत्साहाकडे पाहून बाहेरचा माणूस सहसा असे म्हणतो की ती मातीच तशी. हे उत्तर सोपे आहे, पण त्यातून इतर जिल्ह्यांना शिकण्यासारखे काही निघत नाही. कोल्हापूरच्या संघांच्या नावांतील ‘तालीम’ हा शब्द नीट पाहावा. कुस्तीसाठी उभी राहिलेली, पेठेच्या वर्गणीवर चालणारी, गणेशोत्सवापासून पूरग्रस्तांच्या मदतीपर्यंत सर्व कामांत पुढे असणारी ही मंडळे. फुटबॉल त्यांच्या अंगणात आला आणि त्याला घर मिळाले. शाळेचा संघ दर वर्षी बदलतो. दहावीची परीक्षा झाली की उत्तम खेळाडू निघून जातात, शिक्षकाची बदली होते आणि पुढील वर्षी पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. तालमीचा संघ मात्र टिकतो. शाळेत खेळणाऱ्या मुलाला उद्या आपण कोणाच्या रंगाचा सदरा घालणार हे ठाऊक असते, आणि तो सदरा घातलेला थोरला भाऊ किंवा शेजारचा दादा त्याने मैदानावर पाहिलेला असतो.

या वातावरणात वाढलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याच्या बालेवाडी येथील क्रीडा प्रबोधिनीत त्याचे पुढील शिक्षण झाले आणि २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत तो भारताकडून खेळला. पेठेने रुची लावली, शासनाच्या निवासी प्रबोधिनीने प्रशिक्षण दिले. यांतील एक दुवा निखळला असता तर पुढचे घडले असते का, याचा विचार करण्यासारखा आहे.

सोलापूरची आपली परंपरा

सोलापूर जिल्ह्याला खेळाची परंपरा नाही असे कोणी म्हणणार नाही. कसोटी क्रिकेटपटू पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ साली सोलापुरातच झाला. परंतु आपल्या विषयाशी अधिक जवळचे उदाहरण माळशिरस तालुक्यातील वेळापूरचे आहे. हे गाव खो-खोसाठी ओळखले जाते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी नेपाळला हरवून विजेतेपद मिळविले. त्या पुरुष संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता. कोल्हापूरच्या फुटबॉलमागे जे पेठेच्या तालमीचे बळ दिसते, तेच वेळापूरच्या खो-खोमागे गावाचे आणि क्रीडा मंडळाचे आहे. खेळ निराळा, रचना तीच. तेव्हा मातीचा गुण म्हणावयाचा तर तो सोलापूरच्या मातीतही आहे.

मग फुटबॉल खेड्यांत का रुजला नाही? याचे एक उत्तर गुंठ्यांत देता येते. कबड्डीचे मोठ्यांचे मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आसपास. खो-खोचे मैदान सत्तावीस बाय सोळा मीटर, म्हणजे सुमारे सव्वाचार गुंठे. फुटबॉलच्या नियमांनुसार मैदानाची किमान लांबी नव्वद मीटर आणि किमान रुंदी पंचेचाळीस मीटर. त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ नेमके चाळीस गुंठे, म्हणजे एक एकर होते. वाढत्या गावात शाळेलगत एक एकर सपाट आणि मोकळी जागा राखून ठेवणे म्हणजे काय, हे पंचायत सदस्यांस निराळे सांगावयास नको. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने शाळेला खेळाचे मैदान आवश्यक ठरविले आहे. ते केवढे असावे हा प्रश्न गावागणिक वेगळा राहतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लहान मुलांसाठी मैदान, चेंडू, गोलचौकट आणि सामन्याचा कालावधी यांत बदल करण्यास खेळाचे नियमच मुभा देतात. साठ बाय चाळीस मीटरच्या, म्हणजे सुमारे चोवीस गुंठ्यांच्या जागेत सात-सात मुलांचे सामने उत्तम होतात. किंबहुना चौदा वर्षांखालील मुलांना ते अधिक हितकारक असतात, कारण मोठ्या मैदानावर बारा वर्षांचा मुलगा बराच वेळ चेंडूच्या मागे नुसता धावतो आणि चेंडूला त्याचा पाय क्वचितच लागतो. एखाद्या शाळेकडे पूर्ण मैदान नाही म्हणून तिला फुटबॉलच नको, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

जागेइतकाच मातीचा प्रश्न आहे. जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत काळी कसदार जमीन आहे. ज्वारीला ती वरदान, पण फुटबॉलला शाप. उन्हाळ्यात तिला घोटा अडकेल अशा भेगा पडतात आणि स्पर्धांच्या दिवसांत, पावसाची एखादी सर आली की, तिचा चिखल बुटांना किलोकिलोने चिकटतो. यावर उपाय गावोगावच्या रस्त्यांनी सिद्ध केलेलाच आहे. वरचा थर खरडून चांगल्या मुरमाचा थर द्यावा, पाणी मारून रूळ फिरवावा, आणि मैदानाचा मध्य कडांपेक्षा किंचित उंच ठेवून पाणी चारी बाजूंना चरांत उतरेल अशी व्यवस्था करावी. मुरमातील मोठे खडे वेचून काढणे मात्र विसरू नये. गुडघे फुटलेली मुले दुसऱ्या दिवशी मैदानावर येत नाहीत. गायरानाची जागा वापरावयाची असेल तर महसूल खात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी. मैदान तयार झाल्यावर जागेचा वाद उपस्थित होणे हे मैदान नसण्यापेक्षा वाईट.

शहरात निराळी अडचण. सोलापूरचे होम मैदान मध्यवर्ती आहे, परंतु मकरसंक्रांतीच्या सुमारास तेथे श्रीसिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. यात्रा ही शहराची शेकडो वर्षांची ठेव आहे आणि मैदानाने तिला जागा देणे योग्यच आहे. खेळाचे वेळापत्रक तिला अनुसरून आखावे, एवढेच.

वयाचा दाखला

स्पर्धेच्या सकाळी सर्वाधिक वेळ कशात जात असेल तर वयाच्या तपासणीत. वयोगटाची गणना त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला धरून होते. आक्षेप येतो, शिक्षक दाखल्यांची चळत काढतात आणि दहाचा सामना अकराला सुरू होतो. आपल्याकडे एके काळी शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसेल तर गुरुजी एक जून लिहीत. त्यामुळे मागील पिढ्यांत एक जूनला जन्मलेल्यांची संख्या महाराष्ट्रात विलक्षण मोठी आहे. सेवानिवृत्तीचे निरोपसमारंभ मे अखेरीस दाटीने होतात ते याच कारणाने. अशा तारखेवर वयोगट ठरविणे म्हणजे अंदाजावर अंदाज रचणे.

आता परिस्थिती पालटत आहे. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करण्याची तरतूद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात पूर्वीपासून आहे. २०२३ च्या सुधारणेनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरतो. ही मुले शालेय संघात येण्यास अजून अवकाश आहे. तोपर्यंत ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीतील उतारा आणि शाळेची दाखलखारीज नोंदवही या दोहोंचा मेळ शिक्षकांनी जूनमध्येच घालून ठेवावा. वय कमी दाखवून मोठा मुलगा खेळविण्याचे प्रकार होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यात फसवणूक विरुद्ध संघाची होते तशीच आपल्या संघातील त्या लहान मुलाचीही होते, ज्याची जागा त्या दिवशी दुसऱ्याने घेतलेली असते.

चेंडू कपाटात

सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावे असा उपक्रम योजण्यात आला. शाळांना चेंडू देण्यात आले. त्या दिवशी ज्या शाळांत कधी फुटबॉल आला नव्हता, तेथील अंगणांतही मुले धावली. पुढे विश्वचषकातील भारताचे तिन्ही सामने दिल्लीत झाले. अमेरिकेकडून व घानाकडून हार झाली. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातील भारताचा पहिला गोल ठरला.

या घटनेनंतर काही वर्षांनी एका गावी शाळेच्या कपाटात त्या उपक्रमातील एक चेंडू प्रस्तुत लेखकाने पाहिला. तो जाळीतच होता. हवा गेलेली, पण कातडी नवीकोरी. मुख्याध्यापकांनी प्रांजळपणे सांगितले की पंप नाही, सुई नाही, आणि साठा नोंदवहीत चेंडू लिहिलेला असल्याने तो फाटला तर लेखापरीक्षणात काय सांगावे ही भीती. या भीतीला हसू नये. क्रीडासाहित्य ही झिजण्यासाठीच असलेली वस्तू आहे आणि वर्षअखेरीस झिजलेला चेंडू निर्लेखित करण्याची रीत साधी असते, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांनी केंद्रप्रमुखांच्या बैठकीत एकदा स्पष्ट सांगितले तर कितीतरी कपाटे उघडतील. चेंडूबरोबर पंप व दोन सुया द्याव्यात. नियमांनुसार खेळाडूंना बूट व नडगीचे संरक्षक पट्टे आवश्यक असतात. ते प्रत्येक मुलाला विकत घेणे परवडत नाही, तेव्हा शाळेने एक संच ठेवून सर्वांनी तो पाळीपाळीने वापरावा.

मुलींच्या संघांबाबत दोन शब्द. सुब्रतो चषकात मुलींचा गट आहे, शालेय स्पर्धांतही आहे. संघ थोडे येतात. त्याचे कारण आवड नव्हे. सायंकाळी सहानंतर परतीची गाडी नसणे, मैदानाजवळ स्वच्छतागृह नसणे आणि सोबत शिक्षिका नसणे, ही तीन कारणे कोणतीही पालक माता आपणांस सांगेल. वर सुचविलेल्या जवळच्या गटांतील शनिवारच्या सामन्यांमुळे पहिली अडचण बरीच दूर होते. उरलेल्या दोन शाळा आणि ग्रामपंचायत यांच्या हातांतील आहेत.

निकाल कोणी वाचावा?

खेळाला स्थानिक चाहते मिळावेत असे सर्वांनाच वाटते. कोल्हापूरचा प्रेक्षक सामना संपल्यावर आठवडाभर त्यावर बोलतो, कारण बोलण्यासारखे तपशील त्याच्यापाशी असतात. आमच्या माहिती खात्याच्या कामात शालेय स्पर्धांचे निकाल वर्षानुवर्षे हाताखालून जातात. एका जिल्ह्याच्या ठिकाणी असताना आलेला एक निकाल अजून आठवतो: विजयी अमुक, उपविजयी तमुक, पारितोषिक वितरण यांच्या हस्ते, व्यासपीठावर उपस्थित हे, सूत्रसंचालन यांचे, आभार त्यांचे. सोळा नावे होती. त्यांत खेळाडूचे नाव एकही नव्हते. गोल किती झाले हेही नव्हते. वृत्तपत्रांनी तो चार ओळींत छापला, आणि याहून अधिक छापण्यासारखे त्यात काही नव्हतेही.

यासाठी पैसा लागत नाही. पंचांच्या सहायकाने सामन्याच्या वेळी एक कागद भरावा. दोन्ही शाळांची नावे, मध्यंतराची व शेवटची गोलसंख्या, गोल करणाऱ्यांची नावे व मिनिट, दोन्ही गोलरक्षकांची नावे, कर्णधारांची नावे आणि एखादी लक्षणीय घटना, जसे अडविलेली पेनल्टी. त्याची एक प्रत जिल्हा क्रीडा कार्यालयात, एक माहिती कार्यालयात व एक शाळेत जावी. शाळेतील प्रत मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीकडे पाठवावी आणि सरपंचांनी ती फलकावर लावावी. पाणीपट्टीच्या सूचनेशेजारी आपल्या मुलाचे नाव वाचण्यासाठी फलकासमोर जी माणसे थांबतील, तीच पुढच्या शनिवारी मैदानाच्या कडेला येऊन उभी राहतील.

हा कागद हरलेल्या संघाच्या गावीही जावा. शून्य विरुद्ध एक असा सामना हरलेल्या संघाच्या गोलरक्षकाने त्या तासाभरात पाच-सहा चेंडू अडविलेले असतात. दुपारच्या एस. टी.त तो खिडकीशी बसून येतो आणि गावात कोणी विचारलेच तर ‘हरलो’ एवढेच सांगतो. बाकीचे त्या कागदावर लिहिलेले असावे.